कॅमेरा घेताना : परात हवी की वाटी?

फ्रिज घ्यायचा म्हटले की आपण चार दुकाने पालथी घालतो. किती लिटरचा, किती माणसांना पुरेल, वीज किती खाईल, भाज्यांचा कप्पा केवढा, सारे खोदून खोदून विचारतो. आणि कॅमेरा घ्यायची वेळ आली की मात्र 'तुम्हीच काय ते बघा' म्हणून यजमानांच्या नाही तर कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांच्या गळ्यात ते काम टाकून मोकळ्या होतो! वास्तविक घरातले निम्म्याहून अधिक फोटो काढते कोण? बाळाचे उष्टावण, शाळेचे गॅदरिंग, नणंदेचे डोहाळजेवण, गौरीची आरास, सासूबाईंची पंचाहत्तरी. या सगळ्या वेळी हातात फोन घेऊन उभी असते ती घरची बाईच. मग ज्या वस्तूला ती हाताळणार, ती निवडताना तिने मागे का राहावे?

हे लिहायला निमित्त झाले आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींचे. त्या घरून हातमागाच्या साड्या विकतात. फोनवर फोटो पाठवायचे, पसंत पडली की साडी कुरिअरने रवाना करायची, असा त्यांचा चोख व्यवहार. दीड वर्ष भिशीचे पैसे बाजूला टाकून त्यांनी कॅमेऱ्यापुरती रक्कम जमवली. दुकानात गेल्या तर तिथला मुलगा म्हणतो, "ताई, धंद्यासाठी घेताय ना? मग फुल फ्रेमच घ्या. बाकी सगळं खेळणं." कॅमेरा आणि लेन्स मिळून जो आकडा त्याने सांगितला त्यात वहिनींची भिशी तर गेली असतीच, वर दिवाळीचा माल भरायलाही पैसा उरला नसता. नशीब, 'उद्या सांगते' म्हणून त्या घरी आल्या आणि माझ्याकडे चहाला बसल्या.

तर ही फुल फ्रेम म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी पाहू.

पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म असायची, तिच्या जागी आता सेन्सर असतो. लेन्समधून आलेला प्रकाश या चौकोनी तुकड्यावर पडतो आणि तिथे चित्र उमटते. हा तुकडा कॅमेऱ्यागणिक लहानमोठा असतो, आणि किमतीतला बराचसा फरक तिथूनच सुरू होतो. मोठ्या सेन्सरचा फायदा समजून घ्यायला पावसाळ्यात अंगणात एक सरळ काठाची परात आणि तशीच एक वाटी शेजारी शेजारी ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. अर्ध्या तासाने बोट बुडवून पाहिले तर पाण्याची खोलीही दोन्हीकडे सारखीच. पण पाणी मोजून ओतले तर परातीतले कितीतरी जास्त भरेल. फोटोचेही असेच आहे. लहान सेन्सरचा फोटो काळोखा येतो असे नव्हे, उजळपणा सारखाच असतो. पण एकूण प्रकाश कमी जमलेला असल्यामुळे अंधुक जागी त्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात आणि रंग मळकट होतात. मुसळधार पाऊस असेल, म्हणजे भर दुपारचे ऊन असेल, तर वाटीसुद्धा भरून वाहते. तिथे परातीचे कौतुक फारसे उरत नाही. फरक कळतो तो भुरभुर पावसात, म्हणजे मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात किंवा शाळेच्या हॉलमध्ये.

आता मापे. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर, एखाद्या मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढी. हे माप सिनेमाच्या फिल्मवरून आले आहे. त्या फिल्मची पट्टी ३५ मिलिमीटर रुंद असे. जर्मनीत लाइट्झ कंपनीच्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाच्या दोन चौकटी मिळून एक फोटो, असा हिशोब करून छोटा कॅमेरा बनवला. तो लायका या नावाने १९२५ साली बाजारात आला. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला तोही ३५ मिलिमीटर पट्टीवरच, आणि त्या पट्टीला भोके पाडण्याचे, ती अंधाऱ्या खोलीत धुण्याचे काम करीत सरस्वतीबाई फाळके. शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याचकडे! तेव्हा कॅमेऱ्यातले बायकांना काय कळते, हे वाक्य कुणी ऐकवलेच तर सरस्वतीबाईंचे नाव घ्यावे.

फुल फ्रेमच्या खालची पायरी एपीएस-सी. सोनी, निकॉन, फुजीफिल्म यांचा हा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, कॅननचा त्याहून किंचित लहान. १९९६ मध्ये एपीएस नावाची नवी फिल्म निघाली होती. ती काही टिकली नाही, पण नाव मागे ठेवून गेली. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ याच्या अडीचपटीच्या आसपास. तिसरी पायरी मायक्रो फोर थर्ड्स, १७.३ बाय १३ मिलिमीटर. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी ही पद्धत २००८ साली आणली. फुल फ्रेम याच्या जवळजवळ चौपट. मग येतो खिशात मावणाऱ्या चांगल्या कॅमेऱ्यांचा 'एक इंची' सेन्सर. याचे नाव मोठे आणि लक्षण खोटे! तो भरतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, त्याचा कर्णसुद्धा १६ मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या पाऊणलाही कमीच. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत आणि त्यांचे माप नळीच्या बाहेरच्या जाडीवरून सांगत. नळ्या गेल्या, माप सांगण्याची रीत तेवढी राहिली. शेवटी आपला फोन. महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर फार तर करंगळीच्या नखाएवढा. शेजारच्या दुसऱ्या-तिसऱ्या डोळ्यांचे सेन्सर बहुधा त्याहूनही लहान असतात, म्हणून रात्री 'झूम' केले की फोटो एकदम बिघडतो.

गंमत म्हणजे, आपल्या आई-मावशीच्या घरात जो आग्फाचा क्लिक थ्री असायचा, त्याच्या एका रोलवर १२च फोटो निघत, पण प्रत्येक चौकट जवळजवळ ६ सेंटिमीटर चौरस! म्हणजे आजच्या फुल फ्रेमच्या साडेतीनपट. लेन्स अगदी साधी, तरी काळ्या पानांच्या अल्बममधले ते फोटो अजून डोळ्यांत भरतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मेगापिक्सेलचा बागुलबुवा

दुकानात आणि जाहिरातीत सर्वांत जोरात ओरडून सांगितला जातो तो मेगापिक्सेलचा आकडा. फोन २०० मेगापिक्सेलचा आणि कॅमेरा २४चा, मग फोन आठपट चांगला का? मुळीच नाही. मेगापिक्सेल म्हणजे परातीत पाडलेल्या वड्या. परात तेवढीच ठेवून वड्या बारीक पाडल्या तर संख्या वाढेल, वडीचे पीठ वाढणार नाही. म्हणूनच असे फोन नेहमीचा फोटो काढताना चार-चार किंवा सोळा-सोळा बारीक वड्या पुन्हा एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचा फोटो देतात.

आणि आपल्याला लागतात तरी किती? अल्बममधला ४ बाय ६ इंची फोटो उत्तम छापायला २ मेगापिक्सेलच्या थोडे वर पुरतात. वहीच्या मोठ्या पानाएवढ्या, ए-फोर कागदावरच्या फोटोला ९. भिंतीवर लावायच्या १२ बाय १८ इंचांच्या तसबिरीलाही २० पुरे. आज मिळणारा कुठलाही बरा कॅमेरा एवढे सहज देतो. तेव्हा हा आकडा कुणी सांगू लागले तर ऐकून सोडून द्यावे.

एक छोटी गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. फुल फ्रेम आणि एपीएस-सीचा फोटो ३:२ या प्रमाणाचा असतो, तो ४ बाय ६च्या कागदावर बरोबर बसतो. फोनचा आणि मायक्रो फोर थर्ड्सचा ४:३, म्हणजे जरा चौकोनी. छापताना वरखाली कात्री लागते आणि मागच्या रांगेतल्या उंच काकांचे डोके किंवा पुढे बसलेल्या पोरांचे पाय जातात. असा फोटो काढताना वरखाली थोडी जागा मोकळी सोडावी.

खरी मेख लेन्समध्ये

परातीचे आपण पाहिले, पण पाऊस किती पडू द्यायचा ते ठरवते लेन्स. तिच्या कडेवर एफचा आकडा लिहिलेला असतो. आकडा जितका लहान, तितकी झडप मोठी उघडते. कॅमेऱ्यासोबत जी लेन्स येते तिचा आकडा दूरचे जवळ आणले की बहुधा ५.६ होतो. ५० मिलिमीटरची एफ १.८ची साधी लेन्स जवळपास प्रत्येक मोठी कंपनी विकते आणि ती त्यांच्या स्वस्तातल्या लेन्सपैकी असते. ५.६ वरून १.८ वर आल्यावर प्रकाश किती वाढतो? साडेनऊपट! आणि एपीएस-सी सोडून फुल फ्रेम घेतली तर? अडीचपट. आता सांगा, पैसे आधी कशावर घालावेत? दुकानातला मुलगा हा हिशोब सांगत नाही. मी तर म्हणेन, फुल फ्रेमचा कॅमेरा घेऊन त्यावर एफ ५.६ची लेन्स लावणे म्हणजे पैठणीवर कापडी पिशवी अडकवून लग्नाला जाण्यासारखेच.

मोठ्या सेन्सरची आणखी एक ओढ म्हणजे मागचे सारे धूसर आणि चेहरा तेवढा स्पष्ट. लहान बाळाचा, नव्या नवरीचा असा फोटो फार गोड दिसतो, यात शंका नाही. फोनसुद्धा 'पोर्ट्रेट' करून तसे दाखवतो, पण ते त्याने अंदाजाने कापलेले असते. कपाळावरची भुरभुरणारी बट, कानातल्या झुब्याची कडी, गजऱ्याची कड इथे कात्री चुकते. खऱ्या लेन्सची धूसरता वेगळीच.

पण हीच धूसरता शाळेच्या गॅदरिंगमध्ये वैरीण होते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे दरवर्षी रंगमंचासमोर फोन आणि कॅमेरे सरसावलेल्या आयांची गर्दी पाहते. कोळीनृत्यात तीन रांगांत पंधरा मुले. पुढच्या रांगेतली मुलगी स्पष्ट आणि आपले रत्न मागच्या रांगेत, ते धूसर! फुल फ्रेमवर तीनही रांगा स्पष्ट हव्या असतील तर झडप एफ ५.६पर्यंत बारीक करावी लागते. मायक्रो फोर थर्ड्सवर तेवढाच स्पष्टपणा एफ २.८ला मिळतो. म्हणजे परात चौपट मोठी, पण पाऊस चौथाई करून घेतला. जमलेले पाणी सारखेच! अशा फोटोत मोठ्या सेन्सरचा दाण्यांच्या बाबतीतला फायदा बराचसा निघून जातो. एकट्या मुलाचा जवळून फोटो घ्यायचा असेल तरच तो हाती राहतो.

वजनाचेही तसेच. फुल फ्रेमची ७०-२००ची एफ २.८ लेन्स एकटीच एक किलोच्या वर. मायक्रो फोर थर्ड्समध्ये तेवढेच जवळ आणणारी ३५-१०० एफ २.८ची पॅनासॉनिकची लेन्स सुमारे ३६० ग्रॅम. ती मोठ्या लेन्सइतका एकूण प्रकाश जमवत नाही हे खरे, पण पर्समध्ये पाण्याची बाटली, खाऊचा डबा आणि धाकट्याचे स्वेटर यांच्यासोबत मावते. पक्ष्यांची हौस असेल तर हा फरक आणखी वाढतो. ऑलिंपसच्या घराण्यातली ७५-३०० मिलिमीटरची लेन्स सव्वाचारशे ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि दूरचे आणण्याच्या बाबतीत ती फुल फ्रेमच्या ६०० मिलिमीटरएवढी. सोनीची फुल फ्रेमची २००-६०० दोन किलोंहून जड. होमाई व्यारावाला साडी नेसून, अवजड कॅमेरे घेऊन दिल्लीत सायकलवरून हिंडल्या आणि देशाच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून नाव कमावून गेल्या. पण तो त्यांचा व्यवसाय होता. सहलीला मुलांना आवरत दोन किलो गळ्यात घेऊन फिरायचे तर तिसऱ्या दिवशी कॅमेरा हॉटेलच्या कपाटात राहतो.

हे 'एवढी' म्हणजे काय, तेही सांगते. तीच लेन्स लहान सेन्सरवर लावली की कडेचा भाग कापला जातो आणि मधला तेवढाच दिसतो, म्हणून वस्तू जवळ आल्यासारखी वाटते. एपीएस-सीवर हा फरक दीडपट (कॅननवर १.६), मायक्रो फोर थर्ड्सवर दुप्पट. ५० मिलिमीटरची लेन्स एपीएस-सीवर ७५सारखी वागते. एकट्यादुकट्याच्या फोटोला ती छान, पण दहा बाय बाराच्या खोलीत हळदीकुंकवाला जमलेल्या बायका एका चौकटीत बसवायला गेलात तर पाठ भिंतीला टेकेल! घरातल्या समारंभासाठी एपीएस-सीवर २३ किंवा २४ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स सोयीची.

मिक्सर आणि त्याची भांडी

कॅमेरा घेतला म्हणजे नुसता कॅमेरा घेतला असे होत नाही, त्या कंपनीचे घराणे घेतले जाते. एका मिक्सरचे भांडे दुसऱ्यावर बसत नाही, तसेच लेन्सचे. आणि मिक्सरची मोटर जळली तरी भांडी राहतात, तशा चांगल्या लेन्स दोन-तीन कॅमेरे पाहतात. म्हणून आधी भांडी बघावीत : आपल्याला लागणाऱ्या लेन्स त्या घराण्यात आहेत का, परवडतात का, गावात दुरुस्ती होते का.

आरशाच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे डीएसएलआर कॅमेऱ्यांकडून कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ मध्ये फुल फ्रेमचे बिनआरशाचे कॅमेरे काढून मोहरा वळवला. सोनी तिथे २०१३ पासून होतीच. घरात आधीच कॅननच्या डीएसएलआरच्या लेन्स असतील तर अडॅप्टर लावून त्या नव्या कॅननवर उत्तम चालतात. निकॉनच्या बाबतीत एक खोच आहे. ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या निकॉनच्या अडॅप्टरवर हाताने फिरवून जुळवाव्या लागतात. सोनी आणि फुजीफिल्म यांना दुसऱ्या कंपन्यांच्या, बऱ्याचदा स्वस्त लेन्स पुष्कळ मिळतात. कॅननने आपल्या नव्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी सिग्मा आणि टॅमरॉन यांना २०२४ मध्ये दार किलकिले केले. ऑलिंपसचा कॅमेऱ्याचा व्यवसाय २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे आहे, नाव बदलले तरी लेन्स त्याच बसतात.

माझे मत विचाराल तर ज्या घरात लहान मुले आहेत, वर्षातून एखादी सहल आहे, चार समारंभ आहेत, तिथे एपीएस-सीचा बिनआरशाचा कॅमेरा आणि एक मोठ्या झडपेची लेन्स हा जोडा सर्वांत समजूतदार. फिरणे आणि पक्षी जास्त असतील तर मायक्रो फोर थर्ड्स. फुल फ्रेम घ्यावी ती लग्नसमारंभाची कामे घेणारीने, रात्रीचे आणि मंद प्रकाशातले फोटो हीच जिची आवड आहे तिने. आणि ज्यांचे बहुतेक फोटो दिवसाउजेडी, फोनवरच पाहण्यासाठी असतात, त्यांनी काहीच घेऊ नये! ठरवता येत नसेल तर गेल्या वर्षभरातले आपले आवडते पंचवीस फोटो काढून बघा, आणि न साधलेले, फसलेले पंचवीस. फसलेले कुठे फसले? हॉलमध्ये, दूर असल्यामुळे, की हात हलल्यामुळे? उत्तर तिथेच सापडते.

वहिनींचे आम्ही असेच पाहिले. साडी काही नाचत नाही. ती स्थिर, कॅमेरा तिपाईवर स्थिर, मग झडप हवी तितका वेळ उघडी ठेवता येते. पाऊस थोडा पडो, अंगणात वाटी जास्त वेळ ठेवली की झाले. अशा कामात सेन्सरचा आकार जवळजवळ गौण होतो. त्यांना अडचण होती ती रंगांची. ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र झाल्यामुळे आनंदी रंग निळा दिसायचा आणि साड्या परत यायच्या. त्यांनी एपीएस-सीचा कॅमेरा वापरलेला पण वॉरंटी शिल्लक असलेला घेतला, एक तिपाई घेतली. उत्तरेकडच्या खिडकीशी पांढरी चादर लावून, घरातले सगळे दिवे बंद करून, आधी एका पांढऱ्या कागदाचा फोटो घेऊन त्यावर कॅमेऱ्याचा पांढरा रंग ठरवून घेतात आणि मग साडीचा फोटो. उरलेल्या पैशांत दिवाळीचा माल भरला. रंग वेगळा म्हणून साडी परत येणे आता क्वचितच होते.

वापरलेला कॅमेरा घेणार असाल तर लेन्समधून आरपार टॉर्च मारून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, तशी लेन्स फुकट मिळाली तरी घरात आणू नये. शटर किती वेळा उडाले ते विचारा. दुकानात आपले मेमरी कार्ड घेऊन जा, सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात आयएसओ ३२०० आणि ६४०० वर फोटो काढा आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहा. हातात धरून दहा मिनिटे उभ्या राहा. पुरुषांच्या पंजाला बेताचा वाटणारा कॅमेरा आपल्या बोटांना पुष्कळदा पसरट होतो.

आणि पावसाळ्याचे. कातडी पिशवीत कॅमेरा जूनपासून तसाच पडला तर ऑगस्टपर्यंत बुरशीने धरलाच म्हणून समजा, कोकणात तर नक्कीच. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. निळे खडे गुलाबी झाले की ओलावा भरला. मग ते मंद आचेवर तापवून पुन्हा निळे होईपर्यंत सुकवावेत, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचा तवा वापरू नये, जुना वेगळा ठेवावा, आणि खडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. शिवाय आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून दोन-चार फोटो काढावेत, म्हणजे लेन्सला हवा आणि उजेड लागतो.